बाटली बदलली की मोघेसाहेब?

इंदुरात पोर्ट वाईनला कुणी दारू समजत नसे, ती औषधांत जमा होती. सर्दी झाली की कोमट पाण्यातून चमचाभर, बाळंतिणीच्या अंगात ऊब यावी म्हणून दोन चमचे, आणि एकतीस डिसेंबरला ज्या बायकांना "अगं बाई, आम्ही नाही हं घेत" असं म्हणून मग घ्यायची असे त्यांना छोट्या ग्लासातून. गोव्याहून येणारी ती जांभळट, पाकासारखी गोड बाटली आमच्या क्लबच्या कपाटात अगदी खालच्या फळीवर, सोड्याच्या क्रेटमागे पडलेली असे. ती काढायला मला गुडघ्यांवर बसावं लागे, आणि बहुतेक वेळा ती हाताला लागेपर्यंत मागणाऱ्याचा विचार बदललेला असे.

मिलच्या साहेबलोकांनी पलासियाच्या मागच्या गल्लीत काढलेल्या त्या क्लबात मी बारवर नोकरी केली. पहिली आणि शेवटची. हुद्दा स्टुअर्ड. आमचे वडील संस्थानच्या जमान्यातले कचेरीतले कारकून, घरात देवपूजा कडक, त्यामुळे माझं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांना "मुलगा क्लबात मॅनेजमेंटला आहे" असं सांगण्यात आलं. बायको इंदूरजवळच्या हातोदची. खरं काय ते तिला पहिल्याच आठवड्यात माझ्या शर्टाच्या वासावरून कळलं. ती एवढंच म्हणाली, "तुमच्याकडे मॅनेजमेंट बरीच सांडते वाटतं." त्यानंतर तिने त्या विषयावर कधी टोमणा मारला नाही, पण माझे शर्ट मात्र शेवटपर्यंत वेगळे भिजवले.

बारच्या मागे उभं राहिलं की माणसं कळतात, असं लोक म्हणतात. मला तसं फारसं काही कळलं नाही. पण कोण काय पितो आणि पुढे काय पिऊ लागतो, हे बघायचा मला नाद लागला. व्हिस्कीवाला माणूस पंचविशीत जी मागतो तीच साठीत मागतो, फक्त पाण्याचं प्रमाण बदलतं. बिअरवाल्याचं पोट बदलतं. पोर्टवाल्याची मात्र आवडच सरकत जाते. आज जी डोक्यावर घेतो ती चार-पाच वर्षांनी त्याला बघवत नाही. असं का होतं, बाटली बदलते की माणूस, याचं कुतूहल मला नोकरीभर पुरलं. त्यातलं निम्मं एकट्या मोघेसाहेबांनी पुरवलं.

मोघेसाहेब एका कापड मिलमध्ये विव्हिंग खात्यात होते. सुरुवातीला असिस्टंट, पुढे विव्हिंग मास्टर, म्हणजे मागांच्या सगळ्या खात्याचे प्रमुख. एवढे माग एकदम खडखडत असतात तिथे जन्म गेल्यामुळे त्यांचं बोलणं ठणठणीत. "दत्ता, एक पोर्ट!" असं ते दारातूनच म्हणत, आणि बिलियर्डच्या टेबलावर नेम धरणाऱ्याचा हात हलत असे. दर शनिवारी संध्याकाळी यायचे. एकच ग्लास घ्यायचे, दुसरा कधी नाही. त्यांचं नाक मोठं तिखट होतं. विणण्याआधी सुताला कांजी चढवतात, नाहीतर धागा मागावर तुटतो. ती कांजी आंबली आहे का, हे त्यांना खात्याच्या दारातच वासावरून कळे. माझ्याकडे येऊनही आधी ग्लास हुंगायचे आणि "आज कपडा कोरा नव्हता रे, ग्लास पुसायचा" असं सांगून मोकळे व्हायचे.

तरुणपणी ते पोर्ट कशी घेत, हे आज सांगितलं तर त्यांना राग येईल. उंच ग्लासात बर्फ, लिंबाची फोड, आणि वरून सोडा. म्हणजे सरबतच. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "यार दत्ता, व्हिस्की हुंगली की मला मागाचं तेल आठवतं. हे मस्त आहे, मीठं आहे, आणि हातात ग्लास असला की कोणी पूछताछ करत नाही." बहुतेक सगळे पोर्टवाले इथूनच सुरू होतात. गोड लागतं म्हणून.

मग मिलमध्ये नवी यंत्रं आली आणि ती बसवायला परदेशातून एक फिटर आला. काही महिने राहिला, मोघेसाहेबांच्या घरी पुरणपोळी खाऊन गेला, आणि जाताना खऱ्या पोर्तुगालच्या पोर्टची एक बाटली त्यांना देऊन गेला. साहेबांनी ती क्लबात आणली. आमच्याकडे नावाच्या बाटलीची पद्धत होती. मेंबरने स्वतःची बाटली आणायची, मी तिच्या गळ्यात त्याच्या नावाचा पुठ्ठा बांधायचा, आणि ती वेगळ्या कपाटात कुलपात ठेवायची. त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे. दुसऱ्या कुणाकडे नाही, सेक्रेटरीकडेसुद्धा नाही. ही पद्धत मला फार भूषणाची वाटे.

त्या दिवशी साहेबांनी सवयीने बर्फ मागितला. एक घोट घेतला. मग दोन बोटं ग्लासात घालून बर्फाचे खडे बाहेर काढले आणि ॲशट्रेमध्ये ठेवले.

"दत्ता, ही पण मीठीच आहे," ते म्हणाले. चक्क हळू बोलले. "पण हिच्यात मीठ्याच्या मागे आणखी काहीतरी चालू आहे. काय आहे बे हे?"

मला कुठे ठाऊक. पण प्रश्न डोक्यात बसला, म्हणून मी विचारत सुटलो. परत गेलेल्या फिटरला साहेबांमार्फत पत्राने विचारलं, मग बाटलीमागचं बारीक अक्षर वाचलं, आणि मला समजलं ते असं. जिलबीचं पीठ रात्रभर ठेवलं की खमीर येतो, तसा द्राक्षाच्या रसाला येतो. तो खमीर रसातली साखर खात सुटतो आणि तिची दारू करतो. सगळी साखर संपू दिली तर वाईन कोरडी होते. पोर्टवाले मात्र मध्येच त्यात द्राक्षाचीच कडक दारू ओततात. खमीर मरतो, उरलेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोडही आणि कडकही. पुढे तिला थोडाच काळ ठेवून बाटलीत भरली तर ती लालभडक, फळांच्या चवीची होते. लाकडाच्या छोट्या पिंपात वर्षानुवर्षं ठेवली तर रंग उतरून गुळाच्या पाकासारखी होते, आणि चवीत सुका मेवा येतो. फिटरची बाटली पहिल्या जातीची होती. ती संपेपर्यंत साहेबांचा बर्फ सुटला तो सुटलाच.

पुढचा टप्पा जरा त्रासाचा. क्लबात डॉक्टर फाटक म्हणून मेंबर होते, पलासियात दवाखाना, हाताला गुण, जिभेला हाड नाही. त्यांच्या मेहुण्याने विलायतेहून एका जुन्या सालची पोर्ट आणली. ती बाटली ओतली तर शेवटी ग्लासात चिखल आला. चार मेंबर म्हणाले, "खराब है, फेंको इसको." मोघेसाहेब म्हणाले, "रुका." दुसऱ्या दिवशी ते मिलमधून तलम मलमलीचा तुकडा धुऊन, कांजी काढून घेऊन आले आणि आम्ही ती पोर्ट गाळली. तो गाळ म्हणजे द्राक्षाचाच साका, बाटलीत वर्षानुवर्षं खाली बसलेला. गाळल्यावर जे आलं ते काळंकभिन्न, जीभ आवळणारं होतं, आणि साहेब त्याच्या प्रेमात पडले. त्यानंतर काही वर्षं त्यांच्यापुढे गोव्याच्या पोर्टचं नाव काढायची सोय राहिली नाही. "ते कफ सिरप आहे," म्हणायचे. नवरात्रात घरी आलेल्या व्याह्यांनाही त्यांनी हे ऐकवलं. या टप्प्यावर पोर्टवाला माणूस असह्य होतो, हे माझं निरीक्षण आहे. आपण त्याला सहन करायचं, तो पुढे सरकतो.

मला तेव्हा वाटू लागलं होतं की नियम सापडला. माणूस गोडाकडून कडककडे जातो, वय वाढतं तशी साखर सुटते. पण डॉक्टर फाटकांनी तो नियम मोडला. आयुष्यभर व्हिस्कीचे भोक्ते, पोर्टला "बायकांचं काम" म्हणणारे. साठीला आल्यावर एकदा घशाला बरं वाटावं म्हणून त्यांनी माझ्याकडून गोव्याची पोर्ट घेतली आणि मग घसा बरा झाला तरी घेतच राहिले. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, हे कसं काय?" तर म्हणाले, "दत्ता, दिवसभर लोकांना साखर बंद करा सांगतो. मला कुणी सांगणारं नाही."

मग मिलचे दिवस फिरले. आधी एक पाळी बंद झाली, मग खाती बंद पडू लागली, मग गेटवर नोटीस लागली. साहेबांनी मिलचं क्वार्टर सोडलं आणि सुदामा नगरात छोटं घर घेतलं. क्लबात मिलवाले कमी कमी होत गेले. वर्तमानपत्रांत उदारीकरणावर लेख येत होते. आमच्याकडे ते आधी टीव्हीच्या रूपाने आलं, मग गाड्यांच्या एजन्सीवाल्या आणि केबलवाल्या नव्या मेंबरांच्या रूपाने. नवी कमिटी आली. बिलियर्डच्या खोलीत मोठा टीव्ही लागला, आमचा जुना खानसामा गेला, ठेकेदाराचा बुफे आला. सेक्रेटरी झाले गोयलसाहेब. माणूस सज्जन आणि कष्टाळू, पण दारूला शिवत नसत. बार असलेल्या क्लबाचे सेक्रेटरी दारू पीत नाहीत, याचं मला फार हसू येई.

साहेबांचा एक पुतण्या मस्कतला होता. तो येताना विमानतळावरून बाटली आणू लागला, लाकडात मुरलेल्या जातीची, गुळाच्या रंगाची. ती प्यायल्यावर साहेबांनी काळी पोर्ट सोडली. "ती भांडते रे," म्हणाले. "आता भांडणं खूप झाली मिलमध्ये. हिला काही घाई नाही. आधी अक्रोड येतो, मग खजूर, मग आणखी कुणीतरी येऊन बसतं." डोळे मिटून ते त्या तिसऱ्या पाहुण्याची वाट बघत. त्यांना इतकं शांत मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

मग एका हिवाळ्यात साहेब तापाने बरेच दिवस आजारी होते. बरे होऊन आले ते उतरलेले दिसले. बाटली संपली होती, पुतण्या नवी आणेपर्यंत काही महिने ते नुसता सोडाच घेत. एकदा बारवर कोपर टेकून म्हणाले, "दत्ता, इंदूरचा वासच गेला रे."

मी मान हलवली. आजूबाजूच्या दोघांनी सुस्कारा टाकला. मिल बंद, बॉयलरचा धूर बंद, कांजीचा तो ओलसर वास बंद. साहेब बरोबरच बोलत होते. आम्हाला वाटलं, काय सुंदर बोलले.

आणि मग तो शनिवार आला. मी नावाच्या कपाटातून साहेबांची बाटली काढली, पुतण्याने नुकतीच आणलेली, पहिल्यांदाच उघडलेली. ग्लास भरून समोर ठेवला आणि इतरांचं बघायला गेलो. परत आलो तर साहेब ग्लासाकडे बघत होते.

"ह्याच्यात कोणीतरी गडबड केली आहे," ते म्हणाले. त्यांचं बोलणं ते, सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "ही ती नाहीच. साखरेचं पाणी लागून राहिलं आहे नुसतं."

टीव्हीपुढची माणसं वळून बघू लागली. साहेबांना मुळात कुणावर आळ घ्यायचा नव्हता, ते फक्त चकित झाले होते. पण नव्या मेंबरांपैकी एकाने लगेच विचारलं, "चाबी किसके पास रहती है?" झालं. गोयलसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. "दत्ताजी, चाबी तो आपके ही पास रहती है न? मैं कुछ नहीं बोल रहा हूँ. लेकिन कमिटी को तो जवाब देना पड़ेगा." पुढच्या रविवारी सकाळी कमिटीची बैठक होती. तिथे मी जवाब द्यायचा होता.

बारवाल्याने बाटलीत पाणी घातलं, हा एकदा ठपका बसला की संपलं. नोकरी तर जातेच, पण शहरातल्या कुठल्याही हॉटेलात बारवर उभं करत नाहीत. मिल बंद पडलेल्या शहरात त्या वयात मला दुसरं काय येत होतं? आणि त्याहून बोचत होतं ते हे की किल्ली माझ्याकडे होती म्हणूनच मी चोर ठरत होतो. मला भयंकर राग आला. साहेबांचासुद्धा आला. घरी मी हे कुणाला बोललो नाही, पण बायकोने जेवणावरून ओळखलं आणि सगळं काढून घेतलं.

आठवडाभर मी विचार करत होतो. बाटली सीलबंद होती, मीच उघडली होती. मी स्वतः चमचाभर चाखली तर झकास होती. मग साहेबांना वेगळी का लागली? बैठकीच्या आदल्या सकाळी नाक्यावरून पोहे आणि जिलबी आणली होती. जिलबी खाऊन मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "साखर विसरलीस का?"

"जिलबी चोपून वर चहाला नावं ठेवताय," बायको म्हणाली. "लहान मुलाला पण माहीत असतं हे."

मी कप तसाच हातात धरून बसलो. इंदुरात पोहे-जिलबीनंतरचा चहा फिका लागतो, हे खरंच लहान मुलालाही माहीत असतं. मग जिलबीनंतरची पोर्ट? आमचा जुना खानसामा साहेबांना पोर्टबरोबर खारे काजू देत असे. नव्या ठेकेदाराच्या बुफेत गरम जिलबी आणि रबडी असे, साहेब तीच खाऊन आले असणार. मी उठलो आणि बायकोला हात जोडून नमस्कारच केला. तिला वाटलं मला ताप आहे.

बैठकीला मी कमिटीच्या परवानगीने साहेबांची तीच बाटली, पोहे, जिलबी, काजू आणि चहाची किटली घेऊन हजर झालो. साहेबांना आणि डॉक्टर फाटकांनाही बोलावलं होतं. गोयलसाहेब पोर्ट चाखणार नव्हते, म्हणून त्यांच्यासाठी चहा. आधी पोहे आणि चहा, मग जिलबी आणि तोच चहा. त्यांनी दुसरा घोट घेतला आणि किटलीत डोकावून बघितलं. "अरे भिया, ये तो बिल्कुल फीकी हो गई!" अर्धी बैठक तिथेच जिंकली.

मग बाकीच्यांना पोर्ट. एक घोट काजूनंतर, एक जिलबीनंतर. सकाळी सकाळी सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. जिलबीनंतर एकजात सगळे म्हणाले, आंबट, पातळ. काजूनंतर मात्र डॉक्टर फाटकांनी डोळे मिटले. "अहाहा, अक्रोड! आणि हे काय, खजूर?" मागचा एक केबलवाला म्हणाला, "हाँ यार, अखरोट तो है. बराबर है." ज्याने किल्ली विचारली होती त्यानेही मान डोलावली. राहिले फक्त मोघेसाहेब. त्यांनी काजू खाल्ला, घोट घेतला. पुन्हा काजू, पुन्हा घोट. मग ग्लास नाकाशी धरून बराच वेळ बसले. सगळे त्यांच्याकडे बघत होते, कारण तक्रार त्यांची होती. त्यांनी "नाही" म्हटलं असतं तर माझं सगळं नाटक फुकट होतं.

"दत्ता बरोबर आहे," ते म्हणाले, नेहमीच्या ठणठणीत आवाजात. "गलती माझी. मी रबडी खाऊन आलो होतो."

गोयलसाहेबांनी माझ्याशी हात मिळवला. कमिटीने नावाच्या बाटलीची पद्धत कायम ठेवली आणि किल्लीही माझ्याकडेच ठेवली. मला इतका आनंद झाला होता की उरलेल्या जिलब्या मी चौकीदाराला वाटल्या. मग बाहेर आलो तर स्टँडवर साहेब स्कूटरला टेकून उभे होते.

"रबडी-बिबडी काही नाही," ते म्हणाले. आवाज अगदी खाली. "त्या दिवशी मी जेवायला आत गेलोच नव्हतो. तुझा जिलबीवाला चक्कर खरा आहे, मला पण कळला. आंबट कळली, मीठी कळली. पण दत्ता, फाटक डोळे मिटून अक्रोड अक्रोड करून राहिला होता, तो अक्रोड कुठे होता रे? मी दोन्ही ग्लासांत शोधला."

तेव्हा मला आठवलं, त्या शनिवारी साहेब "साखरेचं पाणी" म्हणाले होते, आंबट नव्हे. आत त्या टेबलावर सगळ्यांच्या तोंडून अक्रोड ऐकताना हे एकटे बसले होते, आणि त्याच वेळी त्यांनी मला सोडवलं होतं. मी चक्क त्यांचा हात धरला. आयुष्यात मेंबरचा हात मी त्याआधी कधी धरला नव्हता.

फाटकांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना दवाखान्यात बसवून एकेक वास नाकाशी धरले. एकही कळला नाही. ते म्हणाले, जीभ बिचारी गोड, आंबट, खारट, कडू एवढंच जाणते. बाकी जिला आपण चव म्हणतो तो सगळा नाकाचा कारभार, आणि हे नाक बहुधा त्या तापात गेलं. परत येईल याची खात्री नाही. घरी मोघेवहिनींनी हिंगाची डबी उघडून धरली. तीही फुकट.

"पण तुम्हाला इतके महिने कळलं कसं नाही?" मी विचारलं.

"कसं कळणार बे?" साहेब म्हणाले. "कांजीचा वास नाही, तर मिल बंद आहे. धुराचा वास नाही, तर मिल बंद आहे. जुन्या घरात दारापर्यंत तेलाचा वास यायचा, तर घर सोडलं. मला वाटलं, मिलच्या बरोबर गेलं सगळं. बाहेरचंच गेलं समजत होतो मी."

वहिनी म्हणाल्या, "फोडणी घातली तरी ह्यांचं लक्ष नसायचं. मी पण म्हटलं, मिलचं दुःख आहे, विचारू नये." आणि त्या रडू लागल्या. अख्खा क्लब मान हलवत होता, सुस्कारे टाकत होता, आणि साहेब आम्हाला अगदी सरळ शब्दांत सांगत होते की वास येत नाही. इतक्या लोकांत एकालाही त्यांना विचारावंसं वाटलं नाही की साहेब, नक्की कुठला वास?

मला वाटलं, साहेब आता यायचे बंद होतील. पण पुढच्या शनिवारी "दत्ता, एक पोर्ट!" झालंच. आणि त्यांना स्वतःचंच कुतूहल वाटू लागलं होतं. "आता काय काय शिल्लक आहे ते बघून राहिलो आहे," म्हणाले. "मीठं आहे. थोडं आंबट आहे. जिभेवर वजन कळतं. छातीत ऊब कळते, ती तर पहिल्यापेक्षा जास्त. बाकीचं तू सांग."

"मी?"

"चमचाभर घे आणि सांग. पण एक लक्षात ठेव. मला कळणार नाही, म्हणूनच खोटं बोलायचं नाही."

तसा आमचा शनिवार सुरू झाला. मी चमचाभर चाखायचो आणि सांगायचो. माझी शब्दसंपत्ती किराणा दुकानाच्या पुढे जात नसे. अक्रोड, खजूर, संत्र्याची वाळलेली साल, तिळगूळ, जुन्या पेटीचं लाकूड. साहेब उलटतपासणी घेत. "पेटी सागवानी की देवदारी?" "तिळगूळ पहिल्या दिवशीचा की आठवड्यानंतरचा?" त्या प्रश्नांमुळे मला अशा चवी कळू लागल्या की इतकी वर्षं बाटल्या उघडून कळल्या नव्हत्या. तोवर मी पोर्टवाल्यांचं फक्त निरीक्षण केलं होतं. आता मीच एक झालो होतो, उसना का होईना. आणि साहेबांची आवड शेवटी आणखी एकदा बदलली. हलकी पोर्ट त्यांना नकोशी झाली. पुतण्याला त्यांनी सांगितलं, "जाड आण, वजनदार. ऊब देणारी." बाकीचं सांगायला दत्ता आहे, असं ते मस्कतच्या माणसाला फोनवर सांगत.

एका उन्हाळ्यात साहेब मुलीकडे बरेच दिवस राहून आले. नावाची बाटली अर्धी संपून तशीच राहिलेली, आणि आमच्या क्लबातली वीज त्या महिन्यात रोज जात होती, कूलर बंद पडून कपाट तापत होतं. मी ग्लास भरला. साहेबांनी घोट घेतला, मान डोलावली. "ऊब आहे. हं, बोल."

मी चमचा तोंडात घातला आणि थांबलो. बाटली उतरली होती. अक्रोड नाही, खजूर नाही, पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी कुबट. साहेब मुलीच्या गावाहून इतक्या दिवसांनी आले होते, माझ्याकडे बघत होते. "अक्रोड आहे साहेब" म्हणायला मला एक क्षण लागला असता, आणि ते समाधानाने घरी गेले असते.

"काय झालं?" ते म्हणाले.

"साहेब, ही खराब झाली आहे."

"मतलब?"

"मतलब बाटली गेली. उन्हाने. हिच्यात काही राहिलं नाही."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "पक्कं?"

"पक्कं."

"फाटक!" त्यांनी हाक मारली. डॉक्टर टीव्हीसमोरून उठून आले, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून कागदी रुमालात थुंकले. "मोघे, हे काय पिताय? फेका ते."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग फाटकांकडे. आणि मग ते हसू लागले, मागांच्या खात्यातलं ते हसणं, इतकं मोठं की मॅच बघणारा अख्खा हॉल मागे वळला.

"या वेळी बाटली गेली बे!" ते ओरडले. "बाटली गेली! मी नाही!"

फाटकांनी ग्लास उचलायला हात पुढे केला, पण साहेबांनी तो घट्ट धरला होता. ती कुबट पोर्ट त्यांनी सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.